दारातला ढीग
बर्फ सारणाऱ्या गाडीची घरघर ऐकताच किनुए फावडं घेऊन दारात आली. रस्ता मोकळा करताना गाडी घराघराच्या दारात बर्फाचा ढीग लोटून जायची आणि गाव ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायचं. नवरा ड्रायव्हर होता तेव्हा सगळ्यांत मोठा ढीग स्वतःच्याच दारात टाकायचा. “नाहीतर लोक म्हणतील, बायकोला सूट दिली.” ढीग उपसताना ती त्याला शिव्या घालायची आणि त्याच्यासाठी मिसोचं सूप गरम ठेवायची. तो गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा. गाडी थांबली, पण दार स्वच्छच राहिलं. नव्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. “काकू, तुमच्या दारापाशी बर्फ लोटणारं पातं उचललं. काकांनीच गाडी शिकवली, एवढं तरी करायला नको?” किनुएनं फावडं जमिनीवर आपटलं. “उद्यापासून ढीग टाकत जा.” “उपसणार कोण?” “मीच. त्याला शिव्या घातल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही.”