आप्पांच्या दोन टोप्या

महालिंगप्पांचं एक घर हिंदुस्थानातल्या बार्शीत, दुसरं निजामाच्या येडशीत. दोन्ही सरकारांचे ते जावईच. येडशीला जाताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आला की गाडीतच गांधी टोपी खिशात जायची आणि निजामाची लाल रुमी टोपी डोक्यावर यायची.

येडशीत रझाकार घुसले, तेव्हा आप्पा बार्शीत लोळत पडले होते. निजाम शरण आल्याचं कळताच ‘आता परतायचं कशाला?’ म्हणत त्यांनी एकेरी तिकीट काढलं. हार तयार ठेवा, असा निरोपही स्वतःच धाडला.

येडशीला हात जोडून उतरले, तर डोक्यावर लाल टोपी! सवयीच्या हातांनी नाक्यावर आपलं काम चोख केलं होतं. जयघोष जागीच थांबला.

रझाकारांनी जिचा लेक मारला, ती नागूबाई हातातला हार तसाच धरून म्हणाली,

“आप्पा, निजाम शरण आला. तुमची टोपी कवा येनार?”