आठ वाजताची नोंद

सातव्या पिशवीत सोया सॉसची बाटली निघाली. झाकणासकट, लेबलासकट, तळाशी सॉस तसाच. सदानंदांनी ती नळाखाली धरली, लेबल सोलले, झाकण वेगळे केले, पिशवीला पूर्वीसारखीच गाठ मारली आणि घड्याळ पाहिले. सात चाळीस. अजून वीस मिनिटे हातात होती.

जपानमधल्या कोतोतली ही इमारत चार मजली, सोळा घरांची. मागच्या आवारात कचऱ्यासाठी आडोसा होता आणि त्याच्या खांबावर एक पांढरी पेटी. प्लास्टिक उचलण्याच्या वारी ठीक आठला, गाडी येण्याआधी, ती घरक्रमांक लिहिलेल्या पारदर्शक पिशव्यांचे छायाचित्र घेई आणि वर्गीकरणातल्या चुका मोजी.

पेटी त्यांच्या मुलाने, वरदने, बनवली होती. ज्या घराची चूक, त्या घराच्या फोनवर तिथल्या तिथे निरोप, ही त्याची कल्पना. प्लास्टिक समुद्रात गेल्यावर वेचत बसण्यापेक्षा ते दारातच अडवावे, असे त्याचे म्हणणे. त्यापायी त्याने कावासाकीतली नोकरी सोडली होती.

सदानंदांनी पुण्यात अडतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते. पुराव्यावाचून ते पोटच्या मुलाचेही ऐकत नसत. जपानला आल्यावर त्यांनी दोन रविवार कालव्याकाठी उभे राहून पाहिले. रस्त्याकडेच्या पिशव्या कावळे फाडत, वेष्टणे वाऱ्याने पाण्यात पडत आणि ओहोटीबरोबर उपसागराकडे निघत. मुलगा बरोबर होता.

अशा नव्या उद्योगांना पाठबळ देणाऱ्या एका निधीने वरदला आठ आठवड्यांची चाचणी नेमून दिली होती. ही इमारत आणि कालव्यापलीकडची तशीच दुसरी. निकाल पटला तर उद्योग उभा राहणार. नाही तर वरद पुन्हा जुन्या कंपनीच्या दारात.

"चाचणीचं मला काही विचारू नका हं बाबा," पहिल्याच दिवशी वरद म्हणाला होता. "तुम्ही इथे राहताय, म्हणजे तुम्हीही चाचणीतलेच."

"अगदी बरोबर. ज्याच्यावर प्रयोग, त्याला सांगायचं नसतं."

"तुम्हीच शिकवलंत."

सदानंदांना बरे वाटले होते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी वरदला बायकोशी, राधिकेशी, बोलताना ऐकले. "फरकच पडत नाहीये गं." आवाज दहावीच्या निकालाआधीचा होता. पुढच्या प्लास्टिकच्या वारी साडेसहाला सदानंद "फिरून येतो" म्हणून खाली उतरले.

प्रयोगशाळेत आकडे जुळवून आणणाऱ्या एका विद्यार्थ्याचे त्यांनी पूर्वी वर्ष वाया घालवले होते. आता ते स्वतः तेच करत होते, आणि त्यांना झोप उत्तम लागत होती.

बाकीच्या पंधरा घरांपैकी फक्त तळमजल्यावरच्या ओकादा-सानांच्या पिशवीला हात लावावा लागत नसे. राधिकेच्याही फोनवर पेटीचा निरोप कधी आला नाही. सुनेच्या शिस्तीचे त्यांना कौतुक होते. पलीकडच्या इमारतीचे फाटक बंद असे, तिथे इलाज नव्हता. निदान अर्धी चाचणी आपल्या हातात आहे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

सहाव्या आठवड्यात जेवताना वरदच म्हणाला, "आपल्या इमारतीत चुका जवळजवळ संपल्यात."

"वा!" सदानंदांचा घास हातातच राहिला.

"हं." वरद भात चिवडत होता.

निकालाआधी आनंद करायचा नाही, ही सवय त्याने आपल्याकडूनच उचलली, असे सदानंदांना वाटले. त्यांनी आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली. तेव्हा वरदचे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले.

"हे काय बाबा? केवढ्या भेगा!"

"थंडी आहे तुमच्याकडची."

"बाबा, तुम्ही सकाळी फिरायला जाता की कुणाकडे भांडी घासायला?" राधिका हसत म्हणाली. "पुण्यात घंटागाडीपर्यंत बादली न्यायची, तर आईंना तीनदा हाक मारावी लागायची!"

वरदने मलमाची डबी आणली आणि एकेक बोट हातात घेऊन चोळू लागला. लहानपणी याच हातांनी आपण त्याच्या गुडघ्यांना हळद लावत होतो, हे सदानंदांना आठवले. खरे ते सांगून टाकावे, असे क्षणभर वाटले. दोनच आठवडे उरले होते. त्यांनी दुसरा हात पुढे केला.

निकालाच्या दिवशी वरद संध्याकाळी सहालाच घरी आला. बूट काढून त्याने ते नीट जोडून ठेवले.

"नाही दिलं त्यांनी पाठबळ."

राधिकेने काही न विचारता चहाचे आधण ठेवले.

"का?" सदानंद उठूनच उभे राहिले.

"निरोपामुळे फरक पडतो, हे सिद्ध होत नाही म्हणाले. चुकलं नाही त्यांचं."

"चुकलं कसं नाही? आपल्या इमारतीत शेवटी एकही बाटली चुकीची सापडत नव्हती! मी... म्हणजे, तूच म्हणालास ना?"

"तेच तर झालं ना, बाबा."

वरदने त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवले आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. चाचणी संपली होती. आता सांगायला हरकत नव्हती. आवाजात राग नव्हता. अवघड धडा विद्यार्थ्याला समजवावा तसा तो सावकाश म्हणाला,

"निरोप फक्त पलीकडच्या इमारतीत जात होते. तिथे चुका निम्म्यावर आल्या. आपल्या इथली पेटी नुसती मोजत होती, बाबा, तुलनेसाठी."