मामींचं नाव

वरवंट्याला टोपडं घालायचं काम आत्याचं. मथुरा पाळण्याशेजारी बसून ते करत होती. वरवंटा तुळतुळीत होता, मधे बारीक झालेला. आईच्या तळव्याखाली फिरून फिरून झालेला. तिनं त्याला हळद-कुंकू लावलं, टोपड्याचे बंद बांधले आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्यात निजवलं. बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं, म्हणून.

बायका जमल्या होत्या. घुगऱ्या शिजून तयार होत्या. मथुरेचा भाऊ महिपती गिरणीत पाळीवर गेला होता. बारशात पुरुषांचं तसंही काही अडत नाही.

"मास्तरीणबाई, औंदा कंच्या पुस्तकातलं नाव आणलंय?" शेजारच्या म्हाळसाबाईंनी मथुरेला विचारलं.

दोघी-तिघी हसल्या. मग कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं आणि सगळ्या गप्प झाल्या.

मथुरा होटगीहून यायची ती भाचीसाठी पुस्तकातलं नाव घेऊनच. पहिली, शहरात मार्शल लॉ लागला त्या साली झाली, तिचं हेमलता ठेवलं. दुसरीचं सुलोचना. हेमलता गेली तेव्हा तिला दात यायचे होते. सुलोचना गेली तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

या वेळी पुस्तकातलं नाव नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी आई गेली होती. आईचं नाव दगडाबाई. तिच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली, म्हणून ती जन्मल्याबरोबर आजीनं तिला दारातल्या दगडावर ठेवलं आणि आकाशाकडं बघून म्हटलं, "पोर न्हाय, दगुड झालाय." आई हे हसत सांगायची. दगुड कोन उचलून नेतंय, म्हणायची.

घरात मात्र ते नाव कधी कुणी घेतलं नाही. वडील बायकोचं नाव घेणारे नव्हते. मुलं आई म्हणायची, सून मामी म्हणायची. ते ऐकू यायचं गल्लीतल्या बायकांच्या तोंडून, आणि आता तेही थांबलं होतं. ते पुन्हा कुणाच्या तरी हाकेत ऐकू यावं, एवढंच मथुरेला हवं होतं.

पण सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, ते पोटच्या पोरीचं असलं तरी. नाव ठेवायचा मान आत्याचा होता. पण लेक भावजयीची, मायाक्काची होती. टोपड्याचा बंद पुन्हा एकदा ओढून मथुरा उठली आणि आतल्या खोलीत गेली.

मायाक्का बाजेवर बसली होती. मूल मांडीवर होतं.

"मायाक्का, आईचं नाव ठेवावं म्हणते."

मायाक्काचा हात डोक्यावरच्या पदराकडं गेला. सासूचा विषय निघाला की तो अजून तसाच जायचा.

"तुला मग हिला नावानं हाक मारता यायची नाही. कधीच. म्हणून विचारायला आले. नको म्हणालीस तर मला राग नाही. दुसरं ठेवू."

मूल चुळबुळलं, मायाक्कानं त्याला थोपटलं.

"हेमलता म्हनायला मला येतच न्हवतं, वन्सं. तुमी शिकवलंत. मग लई ग्वाड लागाय लागलं. दिसभर हाका मारायची. सुलोचनेला बी तसंच."

"माहीत आहे मला."

"दोघींस्नी पोटभर हाका मारल्या की. कुनीतरी ऐकल्या."

मुलाच्या अंगावरचं फडकं तिनं नीट केलं.

"हिला न्हाय मारत. ठिवा मामींचं."

बाळ पाळण्यात गेलं, वरवंट्याशेजारी. मथुरा वाकली. इवल्याशा कानाशी तोंड नेऊन तिनं नाव सांगितलं, आणि ते आपण आयुष्यात पहिल्यांदा उच्चारतोय हे तिच्या ध्यानात आलं. पाठीवर बायकांचे धपाधप बुक्के पडले.

"काय ठिवलं गं?" म्हाळसाबाई पुढं झाल्या.

"दगडाबाई."

म्हाळसाबाईंची रोजची दुपार मथुरेच्या आईबरोबर जायची, सुपारी कातरत. त्यांनी पाळण्याचा काठ धरला आणि आत बघितलं.

"आलीस व्हय माघारी, दगडे? माजा अडकित्ता नेलावतास, त्यो कुटं ठिवलास त्ये सांग आदी."

सगळ्या हसल्या. म्हाळसाबाईही हसल्या आणि पदरानं नाक पुसू लागल्या. मथुरेनं घुगऱ्यांचं ताट उचललं आणि वाटत वाटत दारापर्यंत गेली, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.

संध्याकाळच्या गाडीनं तिला परतायचं होतं. बायका पांगल्या. वरवंटा टोपडं उतरवून पुन्हा पाट्यावर गेला. मथुरेनं पिशवी उचलली, मायाक्काला सांगितलं, बाळाच्या कपाळाला बोट लावलं.

ती उंबऱ्याशी पोचली तेवढ्यात मागं पाळण्यात रडू उसळलं. मोठं, हक्काचं. चुलीजवळ भांडं आदळल्याचा आवाज झाला.

"आले, मामी, आले. वरडू नगा. मला बी दोनच हात हायत की."

सासू होती तोवर मायाक्का असं कधी बोलली नव्हती. आई यावर काय म्हणाली असती, ते मथुरेला ठाऊक होतं. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून ती तशीच थांबली, पाळण्यातून काय उत्तर येतं ते ऐकायला.