निखाऱ्यांची टोपली

तेलाच्या जुन्या पिंपापासून थॅडियसने धुरावर मांस शिजवायची भट्टी तयार केली होती. आत निखारे धरायला टोपली तेवढी बनवायची राहिली होती. रविवारी चर्चच्या जेवणाला मांस त्याच्याच हातचं असणार होतं, म्हणून टोपलीची जाळी घ्यायला तो ब्यूमाँट शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात आला. हल्ली दहा पावलांत दम लागायचा. काउंटरला टेकून तो श्वास परत यायची वाट बघत राहिला आणि मग त्याने कोपऱ्यातल्या चकचकीत जाळीकडे बोट केलं.

"ती नको, काका," मालकीण वर्ना म्हणाली. "तिच्यावर जस्ताचा थर आहे. तापला की विषारी धूर सुटतो."

"एका दुपारने काय होतंय गं?"

"एका दुपारीसुद्धा नाही! अख्ख्या चर्चला आजारी पाडायचंय का? साधी काळी लोखंडी जाळी घ्या. गंजेल, पण कुणाच्या छातीत तरी जाणार नाही."

थॅडियसने चकचकीत जाळीकडे रोखलेलं बोट खाली घेतलं. मग थकल्या आवाजात म्हणाला, "काळीच दे."

जाळी कापता कापता वर्नाने विचारलं, "पण तुम्ही तर जन्मभर वेल्डिंग केलंत ना? तुम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं?"



"असल्याच जस्ताच्या थराचे पाइप जोडले, एकतीस वर्षं, बंद शेडमध्ये. धुराने ताप भरला की फोरमन सांगायचा, ग्लासभर दूध पी आणि लाग कामाला."