दोन बावटे

टेकडीवरच्या जुन्या लाकडी मनोऱ्याच्या कुजक्या फळ्या बदलून झाल्या, तसा तिने हातोडा खाली ठेवला. एके काळी इथूनच तिचे बाबा बावटे चढवून जहाजांना इशारे द्यायचे. आजारपणानंतर मात्र त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आई रोज त्यांची खुर्ची खिडकीशी, टेकडीकडे तोंड करून ठेवायची. ते बघतात की नुसते डोळे उघडे असतात, देव जाणे.

दोरी नीट सरकते का ते बघावं म्हणून तिने बाबांच्या पेटीतले हाताला लागले ते दोन बावटे वर चढवले. वाऱ्यावर काय झोकात फडफडले!

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, आधी खाली घे ते! बाबांनी घर डोक्यावर घेतलंय!"

"बाबांनी?"

"बंदरात आग लागल्याचा इशारा दिलायस म्हणे तू! 'कार्टीला एवढंही कळत नाही' म्हणून ओरडतायत."

ती नव्या फळीवर मटकन बसली. डोळे पुसले, नाक पुसलं आणि पुन्हा पेटीत हात घातला.

"ओरडू दे त्यांना, आई. मी आणखी दोन चढवते."