सूर टेकायच्या आत

कैरोतल्या शौकीच्या कॅसेटच्या दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं, मैफलीत रेकॉर्ड झालेलं चांगलं व्हायोलिन कोणतं? शौकीनं माझीच अलेक्झांड्रियाच्या मैफलीची कॅसेट काढली. “ही घेऊ नका,” मी म्हणालो. “माझा सूर टेकायच्या आत कुणी गाढव ‘या सलाम’ ओरडलंय. दाद कधी द्यावी एवढीही अक्कल नाही.” “ते गाढव मी,” शौकी म्हणाला. “माहितीये,” मी म्हणालो. “तीस वर्षं गावभर तेच सांगतोय.” त्यानं दुसरी कॅसेट शेजारी ठेवली. “ही त्याच मैफलीची, रेडिओवाल्यांची. माईक तुझ्या व्हायोलिनला चिकटून होता, त्यामुळे माझं ओरडणं हिच्यात नाही. तुझं बोट घसरलं, तो बेसूर मात्र लख्ख ऐकू येतो. तो झाकायलाच ओरडलो होतो. सांग आता, उस्ताद, कुठली देऊ?” बोट घसरल्याचं फक्त मला ठाऊक आहे, असं मी समजत होतो. “गाढवाचीच दे,” मी म्हणालो.