उजवा स्पीकर

सासऱ्यांचा जुना स्टिरिओ रिसीव्हर मी रविवारी दुपारी, जपानमधल्या हामामात्सुच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर उघडला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. उजवा स्पीकर त्याआधीपासून मुका होता.

फुगलेले कपॅसिटर बदलले, बटणांच्या आतला गंज पुसला. उजवीकडून खरखर आली आणि मग एक दमलेला आवाज, "आलो."

रेडिओवर कुठलं तरी नाटक लागलं असेल म्हणून मी स्टेशन बदललं.

"आलो."

पुन्हा बदललं. "आलो." दर वेळी थोडा जवळून.

माझी बायको चिसातो स्वयंपाकघरात मुळा किसत होती. आमच्याकडे दारातून कुणी 'आलो' म्हटलं, की आतला माणूस न बघताच उत्तर देतो. जिभेला सवयच असते.

"या," ती म्हणाली.

दोन्ही स्पीकर गप्प झाले. आवाज पूर्ण वाढवला, तरी साधी खरखर नाही.

चिसातो हात पुसत दारात आली. "कोण आलंय? अगदी बाबांसारखं वाटलं."

मी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. कडी आतून लावलेली होती. फक्त तिथे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता जागेवर नव्हत्या.

त्या चिसातोच्या मागे, तिच्या टाचांना लागून येऊन थांबल्या होत्या.